टाकीतली मगर आणि सुबरावची शिट्टी

सकाळी सव्वासातला माझ्या दारात सात बायका भरल्या घागरी घेऊन उभ्या होत्या. मी दार उघडलं तशी पहिलीने घागर माझ्या उंबऱ्यावर उपडी केली. मग दुसरीने. अशा सातही घागरी रिकाम्या झाल्या.

"घ्या तात्या," मग शेवंता म्हणाली. ती आमच्या मागच्या आळीची. "मगरीचं उष्टं पानी. तुमीच प्या."

"कसली मगर?" मी विचारलं.

खरं म्हणजे कसली ते मला पक्कं ठाऊक होतं. त्या मगरीला आदल्या दिवशी दुपारी मीच जन्माला घातलं होतं. एका बोटाने, दोन तास खपून.

आमचं कासारघाट कृष्णाकाठी. तिथे मी चाळीस वर्षं कपडे शिवले आणि त्याच मशीनवर बसून थापाही शिवल्या. महापुरात माझ्या आजोबांनी पोहणाऱ्या म्हशीच्या पाठीवर बसून नऊ बटणांचा सदरा शिवला आणि सांगलीच्या घाटावर उतरताना तो अंगात घालूनच उतरले, ही माझीच. थाप मारताना माझी डावी भुवई वर जाते. ती मला आवरत नाही आणि आवरायची गरजही कधी पडली नाही. गाव आधी भुवई बघायचं आणि मग हसायचं. माझ्या थापेनं कुणाचं वाकडं झालं नव्हतं. निदान तेव्हा तरी माझी अशी समजूत होती.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. मुलाने पुण्याहून मला नवा फोन पाठवला आणि धैर्यशील जाधवने मला गावच्या ग्रुपमध्ये घेतलं. धैर्यशीलचं स्टँडवर मोबाईलचं दुकान. 'कासारघाट वार्ता' हा ग्रुप त्यानेच काढलेला. कोणत्या आळीला पाणी किती वाजता, सिलिंडरची गाडी कुठवर आली, लाइट कधी जाणार, गुरांचा डॉक्टर कधी येणार, सगळं त्याच्यावर. त्या वेळी एका ग्रुपमध्ये दोनशे छप्पन्नच माणसं मावायची. ग्रुप कायम भरलेला. एखादा बाहेर पडला की त्याच्या जागेसाठी एसटीतल्या सीटसारखे रुमाल टाकून लोक बसलेले. माझी जागा एक म्हातारा वारला म्हणून मिळाली होती.

ग्रुप निघायच्या आधी पाण्याची वेळ सुबराव शिंगाडे शिट्टीने सांगायचा. सुबराव म्हणजे पंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. आडवी मूठ असलेली लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो आळीआळीने हिंडायचा, शिट्टी मारायचा आणि व्हॉल्व उघडायचा. मग पंचायतीने ठराव केला, की शिट्टी बंद, मेसेज चालू.

तर त्या मंगळवारी मी कट्ट्यावर थाप मारली, की गावच्या टाकीत मगरीचं पिल्लू आहे. नदीतून पाणी उपसायच्या पाइपातून आलं. सुबराव त्याला रोज अर्धी भाकरी घालतो. आता ते चार हात झालंय, सुबराव खोकला की वर येतं, आणि एकादशीला भाकरी दिली तर तोंड फिरवतं. कट्टा पोट धरून हसला. मला वाटलं, एवढा चांगला माल चार माणसांत कशाला संपवायचा? घरी आलो आणि एका बोटाने सगळं ग्रुपवर टाकलं.

भुवई तेवढी टाकता आली नाही.

मी शिंपी. कापड कुठे कापलं की काय उरतं, हे मला कळतं. माझी एकादशी कुणीतरी पहिल्यांदा कापली. दुसऱ्याने भाकरी कापली आणि पाइपाच्या जागी टाकीचं उघडं झाकण लावलं. तिसऱ्याने गेल्या वर्षी नदीच्या वाळूवर पडलेल्या खऱ्या मगरीचा फोटो जोडला, वर 'तातडीची सूचना' असं लिहिलं, आणि ते आजूबाजूच्या तीन गावांत फिरून संध्याकाळी परत कासारघाटात आलं. तोवर मी जेवून झोपलो होतो.

बुधवारी सकाळी सहाला पाणी सुटलं. काहींनी सवयीने घागरी भरल्या, मग फोन बघितला. बाकीच्यांनी मगर बाहेर पडावी म्हणून तोट्या उघड्या सोडल्या. अर्ध्या इंचाच्या तोटीतून चार हातांची मगर कशी बाहेर येणार, हे कुणी कुणाला विचारलं नाही. सात वाजेपर्यंत टाकी रिकामी. भर मे महिन्यात गावचं सगळं पाणी गटारातून नदीला परत.

"आता काय करनार हाय तुमी?" बायका गेल्यावर आमची कुसुम म्हणाली. ओला उंबरा ती पुसत नव्हती, नुसती बघत होती.

"लिहितो. थाप होती म्हणून लिहितो."

फोन उघडला. खाली बारीक अक्षरांत आलं होतं, की मला ग्रुपमधून काढलं आहे. मी बोट दाबत राहिलो. काहीच उमटेना.

तेवढ्यात सरपंच विमलकाकी दाराशी आल्या. त्यांची चाल बघूनच मी उभा राहिलो.

"तालुक्याच्या साहेबांचा फोन होता," त्या म्हणाल्या. "फोटो त्यांच्यापर्यंत पोचलाय. टाकीचं झाकण उघडं टाकणाऱ्या माणसाला कमी करा म्हणतात. उद्या सकाळी ग्रामसभा."

"कुणाला कमी करायचं?"

"झाकण कुणाच्या ताब्यात असतं, तात्या?"

सुबरावच्या. चोवीस वर्षं दुसऱ्या कुणी ते झाकण हलवलं नव्हतं.

मी तडक स्टँडवर गेलो. धैर्यशील दुकानाचं शटर वर करत होता.

"धैर्या, मला परत आत घे. दोन ओळी लिहितो आणि माझा मी बाहेर पडतो."

"जागा नाही तात्या."

"माझी जागा होती ना?"

"भरली. दहा मिनिटांत."

"कोण आलं माझ्या जागी?"

"इनामदारांचे जावई. पुण्याचे."

"तो दिवाळीला येतो! त्याला आपल्या पाण्याची वेळ कशाला पाहिजे?"

"त्यांनी वर्षापूर्वी सांगून ठेवलं होतं." त्याने शटरला शेवटचा धक्का दिला. "हे बघा तात्या, ग्रुप मी काढला. फोन माझा, नंबर माझा. सकाळपासून दोनशे जणांनी मला शिव्या घातल्यात, तुम्हाला नाही. मी कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं, ते माझं मी बघीन."

"आणि आमच्या घराला पाण्याची वेळ कशी कळायची?"

"शेजाऱ्याला विचारा."

"बरं, मग तूच लिही, की तात्यानं थाप मारली होती."

"लिहिलं सातलाच. म्हणतात, पंचायतीनं दाबलं तुम्हाला. सुबरावनं लिहिलं, टाकीत काही नाही. म्हणतात, नोकरी वाचवतोय." तो खुर्चीत बसला आणि जरा मऊ झाला. "तुम्ही स्वतः लिहिलंत, तर म्हणतील ही नवी थाप. तुमचं बियाणंच तसलं."

आयुष्यात पहिल्यांदा मला खरं बोलायचं होतं आणि गिऱ्हाईक नव्हतं.

सुबरावकडे जायला मला दुपारचे चार वाजले. चालत पाच मिनिटांचं अंतर, पण दोनदा निम्म्या वाटेतून परत आलो. तिसऱ्यांदा निघणार, तेवढ्यात दारात शिट्टी वाजली.

ग्रुपमध्ये गेल्यापासून ती शिट्टी मी कान देऊन ऐकलीच नव्हती. बाहेर आलो तर सुबराव उभा. खांद्यावर चावी, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"तात्या, टाकी सोडून थेट मोटरीवरनं पानी देतोय. तुमच्या आळीला पाच वाजता. भरून घ्या."

"सुबराव..."

"मेसेज टाकलाय मी. पर तुमास्नी मिळनार न्हाय, म्हनून आलो."

"अरे शिव्या तरी घाल मला!"

"पाचाला येतंय," तो म्हणाला. "पाऊन तास मिळंल."

"ही शिट्टी कुठून काढलीस?"

"काढली न्हाय. खिशातच अस्ती." त्याने शिट्टी परत खिशात टाकली. "चौऱ्याऐंशी घरं हायती वो ग्रुपच्या भायेर. कुनाकडं फोन न्हाय, कुनाला जागा न्हाय. रोज त्यांच्या दारात वाजवावी लागती. तुमचं पंच्याऐंशीवं."

आणि तो पुढच्या आळीला गेला. पाच वाजता पाणी आलं. कुसुमने तीन घागरी भरल्या, मी दोन बादल्या.

गुरुवारी ग्रामसभा टाकीच्या खालीच भरली. विमलकाकींनी ती मुद्दाम तिथे बोलावली होती. टाकी अजून कोरडी. म्हणजे मगर असलीच तर ती आता तळाशी उघडी पडलेली असणार, हे सगळ्यांना पटलं. पण वर चढायला कुणी तयार होईना, कारण ती कालपासून उपाशी असणार, हेही सगळ्यांना पटलं होतं.

"मी चढतो," मी म्हणालो.

माझं वय तेव्हा सहासष्ट. बासष्ट लोखंडी पायऱ्या. तिसाव्या पायरीला मला माझे आजोबा आणि त्यांची म्हैस दोघंही दिसले. ही थाप नाही. वर पोचलो, झाकण सरकवलं, आत डोकावलो. शेवाळ, बोटभर गाळ आणि कुणाची तरी हरवलेली प्लास्टिकची चप्पल.

"काही नाही रे!" मी ओरडलो. "रिकामी आहे!"

खालून कुणीतरी ओरडलं, "तात्या, भुवई दावा!"

"तुम्हाला तिथनं काय दिसणार, माझं कपाळ?"

"मग आमी कसा इस्वास ठेवायचा?"

त्या क्षणी मला उडी टाकावीशी वाटली. मगरीने खाल्लं असतं तर बरं झालं असतं. खाली बघितलं तर विमलकाकी पदर खोचत होत्या.

"सरका," त्या लोकांना म्हणाल्या. "मी बघते."

पंचावन्न वर्षांच्या विमलकाकी एका दमात वर आल्या. मला बाजूला सारलं, आत वाकल्या, हात घातला आणि चप्पल बाहेर काढली. ती खाली धरून ओरडल्या, "ही घ्या मगर! डाव्या पायाची हाय!"

गाव हसलं. दोन दिवसांनी पहिल्यांदा.

आम्ही खाली उतरलो. सरपंच स्वतः सांगतात म्हटल्यावर प्रश्न मिटला होता. झाकण जागेवर होतं, टाकी ठीक होती, सुबरावचा काही दोष नाही, असा ठराव झाला आणि ग्रामसेवकांनी तो तिथेच लिहिला.

"आता तात्याचं काय?" शेवंता म्हणाली.

"त्यांना ग्रुपवर परत घ्यायचं नाही," मागून आवाज आला. "कधीच नाही."

"मीही तेच म्हणतो," धैर्यशील म्हणाला. माना हलल्या. हात वर जाऊ लागले. मी स्वतःच हात वर करावा, असं माझ्या मनात आलं.

तेव्हा सुबराव पुढे आला. ग्रामसभेत तो कायम खांबाला टेकून उभा असायचा, बोलायचा कधीच नाही. त्यामुळे वर गेलेले हात तसेच थांबले.

"काकी, बोलू का?"

"बोल की."

"आज चोवीस वर्सं पानी सोडतोय. गावात मला चांगलं म्हननारी हायती, वाईट म्हननारी हायती. माझ्या अंगावर काठी घिऊन आलेलं घर हाय. त्यांच्या आळीला बी पाऊन तास, बाकीच्यास्नी बी पाऊन तास. चावी माझ्याजवळ हाय, पर पानी माझं न्हाय."

"पाणी आणि ग्रुप सारखा नव्हे सुबराव," धैर्यशील म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "पाणी पंचायतीचं. ग्रुप मी माझ्या फोनवर, गावाच्या उपयोगासाठी काढला. फुकट. रात्री-अपरात्री लोक मला फोन करतात. उद्या कुणी घाणेरडं काही टाकलं, कुणाच्या पोरीबाळीचा फोटो टाकला, तरी काढायचं नाही का?"

तो खोटं बोलत नव्हता. ते सगळ्यांना कळत होतं.

"काढायचं," सुबराव म्हणाला. "पानी गढूळ आलं तर मी बी व्हॉल्व बंद करतो. लगेच करतो. पर दारात जाऊन सांगतो, का बंद केलं आनि कवा उघडनार. तुमी काढला ग्रुप, तवा तो तुमचाच हुता, धैर्यशीलराव. पर माझी शिट्टी बंद करून गावानं सगळं तुमच्या फोनवर ठिवलं. त्या दिवसापास्नं तुमच्या हातात चावीच आली न्हवं का?"

धैर्यशीलने हातातला फोन खिशात टाकला.

"एकदाच," सुबराव हळू आवाजात म्हणाला, "एकदाच रागानं मी एका आळीचा व्हॉल्व बंद ठिवला हुता. कुनाचा ते सांगत न्हाय. लई वाईट झालं. म्हनून बोललो."

आणि तो परत खांबाला टेकला.

त्या दिवशी कासारघाटने जे ठरवलं, ते असं. ग्रुप आता पंचायतीचा, चालवायचा धैर्यशीलनेच. घाण टाकणाऱ्याचं तोंड तो लगेच बंद करू शकतो, पण आठ दिवसांत त्या माणसाला ग्रामसभेपुढे बोलू द्यायचं. उरलेल्या घरांसाठी दुसरा ग्रुप. फोन नसलेल्या घरांसाठी शिट्टी पुन्हा चालू. आणि तात्या खटावकर यांनी कुठलीही थाप ग्रुपवर टाकताना सर्वांत वर 'थाप' असा शब्द लिहायचा, कारण त्यांची भुवई फोनवर दिसत नाही. हे शेवटचं वाक्य ठरावात शब्दशः आहे. कुणीही पंचायतीत जाऊन वही बघावी.

घरी जाताना मी सुबरावला गाठलं. तो टाकीकडेच निघाला होता, गाळ काढायला.

"कुणाची आळी होती रे ती?"

"जाऊ द्या तात्या."

"सांग. मी कुणाला सांगणार नाही."

तो पहिल्यांदा हसला. "तुमी? सांगनार न्हाय?"

मग थांबला. खांद्यावरची चावी खाली घेऊन जमिनीला टेकली.

"तुमची."

"आमची? का?" मी विचारलं.

"माझ्या लग्नाच्या टायमाला तुमी एक थाप मारली हुती. की नवरी मला बगून मांडवातनं पळाली आनि पाव्हन्यांनी उसाच्या फडातनं धरून आनली."

मला आठवलं. आख्खं गाव हसलं होतं. मी तर त्यात उसाची कुसळं लागलेला शालूही घातला होता.

"ती मांडवातच बसली हुती वो, ऐकत," सुबराव म्हणाला. "दोन दिस जेवली न्हाय. कामाला लागून मला म्हैना झाला हुता. तिसऱ्या दिवशी तुमच्या आळीचा व्हॉल्व उघडलाच न्हाय. म्हनलं, बगू दे कसं हसायला येतंय."

"त्या दिवशी तर पाइप फुटला होता," मी म्हणालो.

"कुनी सांगितलं तुमास्नी?"

"तूच."

"मीच," तो म्हणाला.

त्या दिवशी माझ्या आईला जुलाब लागले होते. घरात थेंब नव्हता. नदीवरून मी नऊ खेपा केल्या, कुसुम सहा. दुपारी सुबराव आळीच्या तोंडाशी आला, मला कावडीसकट बघितलं आणि विचारलं, काय झालं. मी सांगितलं. तो पळतच गेला. अर्ध्या तासात पाणी आलं. पाइप फुटला होता, जोडला, असं तो म्हणाला.

"आनि तुमी काय केलं, ठावं हाय?" सुबराव म्हणाला. "माझा हात धरून घरात न्हेलं. आईच्या पुढ्यात बसवलं. म्हनलासा, आई, ह्या मानसानं तुजा जीव वाचवला. आईनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला. च्या पाजलासा. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी सदरा शिवून आनून दिलासा."

"निळ्या रेघांचा," मी म्हणालो.

"त्यो सदरा म्या कवाच घातला न्हाय. पेटीत हाय अजून." त्याने चावी उचलून खांद्यावर टाकली. "लई यळा वाटलं, सांगावं. जमलं न्हाय. मग ठरवलं, फकस्त पानी सोडत ऱ्हायचं."

आख्ख्या गावाला मी थापा मारल्या. मला मात्र आयुष्यात एकाच माणसाने थाप मारली, आणि ती चोवीस वर्षं टिकली. शिवणीचं काम मला कळतं. त्या थापेला टाका कुठे घातलाय, ते मला कधी दिसलं नव्हतं.

"बायकोला काय सांगू तुझ्या?" मी विचारलं.

"या घरी कवातरी. तीच इचारती, तुमास्नी उसाचा शालू कुठं मिळाला."

मी गेलो, त्याच रविवारी. काय बोललो ते इथे लिहीत नाही. भुवई जागेवर होती, एवढं पुरे.

परवाच्या एकतीस तारखेला सुबराव निवृत्त झाला. पंचायतीने नारळ दिला, शाल दिली. समारंभात मला बोलायला लावलं, पण मी पहिल्याच वाक्याला अडलो आणि लोकांना वाटलं मी नवीन काहीतरी रचतोय. म्हणून संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं. आता माझी दोन बोटं चालतात. लिहिलं, की या माणसाने चोवीस आणि नऊ मिळून तेहतीस वर्षं गावाला पाणी दिलं. ज्याने त्याचं काम घालवायला घेतलं होतं, त्याच्या दारात जाऊन त्याने शिट्टी वाजवली. माझ्या आईला पाणी त्यानेच दिलं, आणि मला गावात जागाही. मी त्याचा ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात शिट्टी वाजली. सुबराव उभा होता. खांद्यावर चावी नव्हती, ती आता नव्या माणसाकडे. अंगात निळ्या रेघांचा सदरा. पोटावर जरा ताणलेला.

"तात्या, काल तुमी लिवलं त्ये वाचलं."

"मग?"

"वर लिवायचं ऱ्हायलं तुमचं."

"काय राहिलं?"

"थाप म्हनून."

"राहिलं नाही," मी म्हणालो.

तो माझ्या भुवईकडे बघत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "सदऱ्याची शिवन उसवती वो पोटावर. जरा सैल करून द्या."

मी त्याला आत घेतलं, मशीनवरचं फडकं काढलं आणि कुसुमला चहा टाकायला सांगितलं. तेवढ्यात मोरीतली तोटी खळखळली. नव्या माणसाने वेळेवर पाणी सोडलं होतं.